पॅकेज रिपॉझिटरी फुकट, मग खर्च कोण भरतंय? सोलापुरात नेहमी विचारले जाणारे प्रश्न

आधी हे सांगा, हे लिहिलंय कुणी आणि कशाला?

मी सोलापुरात सॉफ्टवेअरचं काम करतो, जास्त करून अक्कलकोट रोड एमआयडीसीतले टॉवेलवाले आणि नवी पेठेतले दुकानदार ही माझी गिऱ्हाईकं. रविवारी आम्ही काही डेव्हलपर जमतो, त्यात कॉलेजची पोरं असतात, कधी एखादा कारखानदारही येऊन बसतो, आणि दर वेळी फिरून फिरून हेच प्रश्न येतात की पॅकेज फुकट मिळतात तर खाजगी पॅकेज ठेवायला आम्ही महिन्याचे पैसे कुणाला आणि का द्यायचे. तोंडी सांगून सांगून शेवटी लिहून काढलं. ज्यांना आधीच सगळं माहितीय त्यांनी सरळ खाली कार्डाच्या हप्त्याचा प्रश्न वाचा, तिथं बऱ्याच जणांची गाडी अडते.

पॅकेज रिपॉझिटरी म्हणजे नेमकं काय?

आपण प्रोग्रॅम लिहितो तेव्हा सगळं स्वतः लिहीत नाही. पीडीएफ बनवायचं कुणाचं तरी, तारखांचा हिशोब कुणाचा तरी, एक्सेल वाचायचं आणखी कुणाचं. हे तयार तुकडे म्हणजे पॅकेज, आणि ते जिथं ठेवलेले असतात ते भांडार म्हणजे रिपॉझिटरी. पर्लवाल्यांचं सीपॅन १९९५ पासून आहे. जावास्क्रिप्टचं एनपीएम, पीएचपीचं पॅकेजिस्ट, पायथनचं पायपीआय, एलिक्सिर-अर्लांगचं हेक्स, रस्टचं क्रेट्स, जावाचं मेवन सेंट्रल. एक कमांड दिली की सामान घरपोच.

माझं स्वतःचं एक छोटं पॅकेज असंच सगळ्यांसाठी ठेवलंय, बिलावर अक्षरी रक्कम मराठीत लिहिणारं. मराठीत ९९ पर्यंतचा जवळपास प्रत्येक आकडा वेगळा पाठ करावा लागतो, एकोणसाठ, त्र्याहत्तर, सत्त्याऐंशी, इंग्रजीसारखं जोडून चालत नाही. मी केलेल्या चार-पाच स्पेलिंगच्या चुका मी कधी न पाहिलेल्या माणसांनी दुरुस्त करून पाठवल्या. सगळ्यांसाठी खुलं ठेवल्याचा फायदा मला तिथं कळला.

सगळं फुकटच आहे, मग खर्च कसला?

डाउनलोड करणाऱ्याला फुकट, चालवणाऱ्याला नाही. फाईल ठेवायला जागा लागते, आणि त्याहून जास्त खर्च त्या फाईली जगभर पोचवायचा. पायपीआय आणि हेक्स दोघांनाही त्यासाठी फास्टली नावाच्या कंपनीची मदत आहे, म्हणजे तो भार एका कंपनीच्या चांगुलपणावर आहे. शिवाय माणसं लागतात. कुणीतरी घातक पॅकेज टाकलं तर ते रात्री दोन वाजता काढणारा माणूस लागतो, कुणाचा पासवर्ड चोरीला गेला, दोघांचं एकाच नावावरून भांडण झालं, हे सोडवायला माणूसच लागतो, मशीन नाही.

नावावरून भांडण म्हटल्यावर २०१६ चा मार्च आठवतो. एका नावावरून वाद झाला म्हणून एका लेखकानं एनपीएमवरची आपली सगळी पॅकेज काढून घेतली, त्यात लेफ्ट-पॅड नावाचं ११ ओळींचं पॅकेज होतं आणि त्या ११ ओळींवर टेकलेले जगभरचे प्रोजेक्ट बिल्ड होईनात, म्हणजे तयारच होईनात. शेवटी एनपीएमनं ते पॅकेज परत आणलं आणि नंतर काढून घेण्याचे नियम कडक केले. असे निर्णय घाईत पण शांत डोक्यानं घ्यायला पगारी माणसं पाहिजेत असं माझं स्पष्ट मत आहे.

मग देणग्यांवर चालवा की. आपल्याकडं अन्नछत्र चालतंच ना?

अक्कलकोटचं उदाहरण प्रत्येक जण देतो, आणि ते चुकीचं नाही, पण फरक बघा. अन्नछत्रात जेवलेला माणूस समोर पान बघतो, वाढणारा हात बघतो, मग त्याचा हात खिशाकडं जातो. पॅकेज डाउनलोड करणारा बहुतेक वेळा माणूसच नसतो, ते एक मशीन असतं जे दर कमिटला, म्हणजे कोडमधला बदल नोंदवला की, तेच पॅकेज नव्यानं ओढतं, आणि मशीनला कृतज्ञता वाटत नाही. २०२५ च्या सप्टेंबरमध्ये पायथन, रस्ट, मेवन सेंट्रल वगैरे चालवणाऱ्यांनी मिळून एक जाहीर पत्रच काढलं की हे भांडार फुकट चालत नाही, व्यापारी वापर वाढतोय आणि भार थोड्या लोकांच्या देणगीवर आणि सदिच्छेवर आहे.

देणगी वाईट नाही. आपल्या देशात झिरोधानं २०२४ साली फ्लॉस फंड सुरू केला, वर्षाला १० लाख डॉलर खुल्या सॉफ्टवेअरला, ही मोठी गोष्ट आहे. पण देणगी एका वर्षी येते, दुसऱ्या वर्षी येत नाही, आणि पगार दर महिन्याला द्यावा लागतो.

प्रायव्हेट होस्टिंग विकून पब्लिकचा खर्च काढतात म्हणजे कसं?

हा सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न, म्हणून जरा लांबण लावतो.

देवळात दर्शन फुकट असतं. देवस्थानच्या आवारात गाळे असतात, ते दुकानदारांना भाड्यानं दिलेले, आणि त्या भाड्यातून दिवाबत्ती, झाडलोट, पुजाऱ्याचा पगार निघतो. भाविकाला गाळ्याशी देणंघेणं नाही, त्यानं नारळ घेतला काय न घेतला काय, दर्शन होतंच. इथं पण तसंच आहे. जे पॅकेज सगळ्यांसाठी खुलं ते ठेवायला आणि घ्यायला पैसे नाहीत, पण कंपनीला आपलं पॅकेज फक्त आपल्याच लोकांना दिसावं असं वाटत असेल तर त्या बंद खोलीचं भाडं द्या. यंत्रणा तीच, कमांड तीच, फक्त कुलूप वेगळं, त्यामुळं चालवणाऱ्याला नवीन धंदा शिकावा लागत नाही, जे येतं तेच विकायचं.

पीएचपीवाल्यांचं उदाहरण मला सगळ्यात आवडतं. कंपोझर हे पॅकेज आणून देणारं टूल आणि पॅकेजिस्ट हे भांडार सुरू करणाऱ्यांत जॉर्डी बोगियानो आणि निल्स आडरमन ही दोन नावं. आधी बोगियानोनं टोरान प्रॉक्सी नावाचं एक विकत घ्यायचं टूल काढलं, कंपनीनं आपल्या सर्वरवर टाकायचं, त्याच्या पैशातून पॅकेजिस्टचा खर्च निघावा म्हणून. पुढं त्याच वाटेनं प्रायव्हेट पॅकेजिस्ट ही होस्ट केलेली सेवा आली, आणि तिच्या पैशातून कंपोझर आणि खुलं पॅकेजिस्ट दोन्हीचं काम चालतं. म्हणजे सोलापुरातला एखादा लॅराव्हेलवाला (पीएचपीचं एक फ्रेमवर्क) पोरगा एक पैसा न देता रोज कंपोझर वापरतो, त्यामागं कुठल्या तरी कंपनीनं भरलेलं आपल्या बंद खोलीचं भाडं आहे.

हेक्सचं पण हेच. खुलं पॅकेज फुकट, कंपनीचं खाजगी असेल तर माणशी महिना ७ डॉलर.

मेवन सेंट्रलचं थोडं वेगळं पण नात्यातलं. ते सोनाटाइप कंपनी चालवते आणि तिची कमाई कंपन्यांना विकलेल्या, आतली पॅकेज सांभाळणाऱ्या रिपॉझिटरी मॅनेजरसारख्या सॉफ्टवेअरमधून येते. तिथं भाडं गाळ्याचं नाही, कुलपांचं दुकान म्हणा.

म्हणजे पैसे देणाऱ्याला पब्लिकमध्ये वेगळी रांग?

नाही, आणि नसलीच पाहिजे. आपल्या जिल्ह्यात पंढरपूर आहे, रांग म्हणजे काय हे मी सांगायला नको. पैसेवाल्याचं खुलं पॅकेज वर दिसायला लागलं, त्याला पाहिजे ते नाव दुसऱ्याकडून काढून मिळालं, किंवा फुकटवाल्याचं डाउनलोड मुद्दाम हळू केलं, तर ते गाळ्याचं भाडं राहिलं नाही, दर्शनच विकायला काढलं. कुठलीही सेवा घेण्याआधी मी पहिलं हेच तपासतो की पैसे फक्त खाजगीपणाचे आहेत का.

माझा टॉवेलचा कारखाना आहे, मला प्रायव्हेट पॅकेज कशाला लागतंय?

एकच सॉफ्टवेअर असेल तर नाही लागत. खरंच नाही, उगीच खर्च करू नका.

पण समजा तुमच्याकडं ऑर्डरचा अंदाज देणारा एक प्रोग्रॅम आहे, गोडाऊनचा दुसरा, एक्सपोर्टच्या पॅकिंग लिस्टचा तिसरा, आणि तिन्हींत टॉवेलच्या जीएसएमवरून (चौरस मीटरला किती ग्रॅम) सूत किती लागेल, वेस्टेज किती धरायचं, रेट कसा बसतो हा हिशोब आहे. तो हिशोब तिन्हीकडं कॉपी करून ठेवला की एका ठिकाणी बदलतो आणि दोन ठिकाणी राहतो. माझ्या एका गिऱ्हाईकाकडं असंच झालं, चूक माझीच होती, अंदाजात एक वजन आणि पॅकिंग लिस्टवर दुसरं, माल गाडीत भरायच्या आदल्या संध्याकाळी लक्षात आलं. तेव्हापासून तो हिशोब मी एका पॅकेजात ठेवतो आणि तिन्ही प्रोग्रॅम तिथूनच घेतात. आता हे कॉस्टिंग म्हणजे मालकाचं पोट आहे, ते जगासमोर ठेवता येत नाही. अक्षरी रक्कम सगळ्यांची, कॉस्टिंग मालकाचं, ही रेघ एकदा ओढली की काय पब्लिक आणि काय प्रायव्हेट याचा गोंधळ राहत नाही.

गिटहबवर प्रायव्हेट रेपो फुकट आहे, तेवढं पुरत नाही का?

गिटहब म्हणजे गिट या कोडच्या बदलांची नोंद ठेवणाऱ्या टूलवर चालणारी साइट, आणि रेपो म्हणजे तिथली एका प्रोजेक्टची जागा. एकट्याला पुरतं. गिटहबनं २०१९ मध्ये खाजगी रेपो फुकट केले आणि २०२० मध्ये टीमसाठी पण. कंपोझरला, एनपीएमला थेट गिटचा पत्ता देता येतो. पण पॅकेज पाच-दहा झाली, प्रत्येकाला वेगळा पत्ता, प्रत्येक मशीनवर वेगळी चावी, कुठली आवृत्ती कुणाकडं आहे याचा पत्ता नाही, की मग कटकट सुरू होते. एक जण काम सोडून पुण्याला गेला की त्याच्या चाव्या कुठं कुठं आहेत ते शोधत बसावं लागतं. त्या टप्प्याला आलात की विचार करा, त्याआधी नको.

स्वतःचा सर्वर टाकला तर? एकदाच खर्च.

टाकता येतो, सॉफ्टवेअर फुकट आहेत आणि चांगली आहेत. एनपीएमसाठी व्हर्डाचिओ, पीएचपीसाठी सॅटिस, पायथनसाठी डेवपी. मी पण टाकला होता, ऑफिसात टेबलाखाली एक जुनं मशीन. मे महिना, बाहेर ४३ डिग्री, दुपारी लाईट गेली, यूपीएस दमला, आणि लाईट आल्यावर मशीन काही उठलं नाही, डिस्क गेली. बॅकअप होता पण तो पण त्याच खोलीत आणि महिनाभर जुना. दोन दिवस मी आणि माझा जोडीदार लॅपटॉपच्या कॅशमधून, म्हणजे आधी उतरवलेल्या प्रतींमधून, पॅकेज गोळा करत बसलो होतो. सर्वर एकदाच घेतला तरी तो सांभाळायचा वेळ रोजचा असतो, आणि तो वेळ हिशोबात कुणी धरत नाही.

ज्यांच्याकडं सिस्टिमचा वेगळा माणूस आहे त्यांनी जरूर स्वतःचा चालवावा.

खर्च किती येईल?

वर सांगितलं तसं हेक्सचा दर माणशी महिना ७ डॉलर. एनपीएमनं २०१५ मध्ये खाजगी पॅकेज सुरू केली तेव्हाही दर ७ डॉलरच होता. चार जणांची टीम धरा, २८ डॉलर, म्हणजे आजच्या डॉलरच्या भावानं महिन्याला अडीच हजारांच्या आसपास. सोलापूरच्या मानानं ही रक्कम लहान नाही, मी मान्य करतो, इथं ज्युनिअर पोराचा पगार काय असतो ते मला माहितीय. म्हणून माझा सल्ला असा की कोड लिहिणाऱ्यांचीच खाती काढा, मालक, अकाउंटंट, टेस्टिंगवाले यांना खातं लागत नाही.

कार्डावरून हप्ता जातच नाही, काय करायचं?

हा प्रश्न इथं सगळ्यात जास्त वेळा येतो. १ ऑक्टोबर २०२१ पासून रिझर्व्ह बँकेचा नियम आहे की कार्डावरून आपोआप कटणाऱ्या हप्त्याला आधी तुमची परवानगी नोंदलेली पाहिजे आणि कापण्याच्या आधी तुम्हाला कळवलं पाहिजे. परदेशी सेवांमध्ये ही नोंदणी बऱ्याचदा बसत नाही, मग पहिला हप्ता ओटीपीनं जातो आणि दुसरा अडकतो. माझं असं झालं तेव्हा बँकेत तीन चकरा मारल्या, काउंटरवर कुणाला मी काय बोलतोय तेच कळेना, आणि इकडं खातं बंद पडायची नोटीस आलेली.

उपाय सोपा आहे, महिन्याचा हप्ता घेऊच नका, वर्षाचे एकदम भरा, समोर बसून ओटीपी टाकून. हेक्सला वर्षाचा प्लॅन घेतला तर थोडं स्वस्त पण पडतं. कार्डावर इंटरनॅशनल व्यवहार आणि त्याची लिमिट चालू आहे का ते बँकेच्या अ‍ॅपमध्ये आधीच बघून घ्या.

आणि जीएसटी नंबर असेल तर परदेशातून घेतलेल्या सेवेवर रिव्हर्स चार्जनं कर आपल्यालाच भरावा लागतो. इन्व्हॉइस कंपनीच्या नावावर घ्या आणि सीएच्या हातात द्या, मार्चमध्ये नाही, त्याच महिन्यात.

आमचा कोड त्यांच्याकडं ठेवला तर चोरी होणार नाही का?

भीती रास्त आहे, पण उलट बाजूचा धोका जास्त लोकांना माहीत नसतो. २०२१ च्या फेब्रुवारीत ॲलेक्स बिरसान नावाच्या संशोधकानं दाखवलं की मोठमोठ्या कंपन्यांच्या आतल्या खाजगी पॅकेजचं नाव कळलं की त्याच नावाचं पॅकेज पब्लिकवर टाकायचं, आवृत्तीचा आकडा मोठा द्यायचा, आणि कंपनीची मशीनं स्वतःचं सोडून हे बाहेरचं उचलतात. ॲपल, मायक्रोसॉफ्ट धरून ३५ पेक्षा जास्त कंपन्यांत त्याचा कोड चालला. त्यानं ते परवानगीच्या चौकटीत केलं म्हणून बरं.

म्हणजे घरचा सर्वर असला तरी सेटिंग चुकलं की दार उघडंच. खाजगी आणि खुलं एकाच छताखाली असेल आणि खाजगीचं नाव कंपनीच्या नावाखाली राखीव असेल, तर हा गोंधळ बराच टळतो. तुम्ही काहीही वापरा, पण आपल्या खाजगी पॅकेजला आधी कंपनीचं नाव लावायची सवय ठेवा, आणि कुठलं पॅकेज कुठून घ्यायचं हे फाईलमध्ये पक्कं लिहा.

आणि ती कंपनीच उद्या विकली गेली तर?

जाऊ शकते. एनपीएमची २०१४ मध्ये कंपनी झाली, गुंतवणूकदारांचे पैसे घेतले, २०१५ मध्ये खाजगी पॅकेज विकायला काढली, तरी २०२० मध्ये गिटहबनं ती घेतलीच. भांडार चालू राहिलं हे चांगलं झालं. जेसेंटर या जावा-अँड्रॉइडच्या भांडाराचं तसं झालं नाही. अँड्रॉइडच्या नव्या प्रोजेक्टमध्ये ते आपोआप लिहून यायचं, जेफ्रॉग कंपनीनं २०२१ च्या फेब्रुवारीत जाहीर केलं की आपली बिनट्रे ही होस्टिंग सेवा आणि जेसेंटर बंद करतोय, आणि हजारो लोकांना आपली पॅकेज मेवन सेंट्रलवर हलवावी लागली.

यातून मी माझ्यापुरता अर्थ असा काढलाय की भाड्याचं उत्पन्न आहे एवढ्यानं भागत नाही, ते उत्पन्न कुणासाठी आहे ते बघावं लागतं. गुंतवणूकदाराला दसपट करून द्यायचे असतील तर खुलं भांडार हा त्याच्या नजरेत खर्चच राहतो. चार-सहा माणसांचा गट, ज्यांचं पोटही त्यातूनच भरतंय आणि ती भाषाही ते स्वतः रोज वापरतात, तो जास्त टिकेल असा माझा विश्वास आहे. तरीही मूळ कोड आपल्याकडं गिटमध्ये ठेवाच, रिपॉझिटरी ही पोचवायची जागा आहे, तिजोरी नाही.

पायपीआय अशी खाजगी खोली भाड्यानं का देत नाही?

पायपीआय पायथन सॉफ्टवेअर फाउंडेशनचं आहे, त्यांनी २०२३ मध्ये संस्थांची खाती आणली, कम्युनिटी प्रोजेक्टला फुकट आणि कंपन्यांना फी. ती फी खाजगी खोलीची नाही, एकत्र सांभाळायच्या सोयीची आहे. भाडं दुसऱ्या रूपात.

मी विद्यार्थी आहे, माझ्याकडं पैसे नाहीत. मी काय करू?

पैसे देऊच नकोस, तुझ्यासाठीच तर ते फुकट आहे. पण दोन कामं कर. कॉलेजच्या लॅबमध्ये प्रत्येक मशीन तीच पॅकेज वेगवेगळी ओढतं, तिथं व्हर्डाचिओ किंवा डेवपी मधे ठेवला तर एकदा आणलेलं पॅकेज सगळ्यांना लॅबमधूनच मिळतं, बाहेरचा भार कमी होतो आणि तुमचं नेट पण वाचतं. सरांना विचारून एका दुपारचं काम आहे. दुसरं, आपल्या प्रोजेक्टच्या ऑटोमॅटिक बिल्डमध्ये कॅश चालू कर.

आपण सोलापूरची किंवा मराठी पॅकेजची वेगळी रिपॉझिटरी काढायची का?

रविवारी हा विषय निघाला की पोरांच्या डोळ्यात चमक येते, आणि नाही म्हणताना मला वाईट वाटतं, पण माझं उत्तर नाही असंच आहे. मराठी सॉर्टिंग, अक्षरी रक्कम, देवनागरी आकडे ही पॅकेज जिथं जग शोधतं तिथंच पाहिजेत, नाहीतर नागपूरच्या माणसाला ती सापडणारच नाहीत. वेगळं भांडार काढलं की रात्री दोनला उठणारा माणूस आपल्यातलाच लागणार. चादर आपली सोलापुरी, २००५ पासून तिला जीआय (भौगोलिक मानांकन) पण आहे, म्हणून ती फक्त सोलापुरातच विकायची असं कुणी म्हणत नाही.

गिऱ्हाईक म्हणतंय, हे पैसे मी का देऊ?

कोटेशनमध्ये ते "इतर खर्च" मध्ये लपवू नका, वेगळी ओळ लिहा. मी अशी लिहितो: "आपल्या कॉस्टिंगच्या कोडचं खाजगी होस्टिंग, वार्षिक, आपल्या नावावर." खातं गिऱ्हाईकाच्या ईमेलवर काढायचं, माझ्या नाही, म्हणजे उद्या त्यांनी दुसरा डेव्हलपर घेतला तरी कोड त्यांच्याकडं राहतो. हे सांगितलं की बहुतेक मालक तिथंच तयार होतात, कारण सॉफ्टवेअरवाला फोन उचलायचा बंद झाला की काय होतं हे प्रत्येकानं एकदा तरी भोगलेलं असतं. मग मी दुसरी गोष्ट सांगतो, की त्यांच्या बिलावर जी मराठी अक्षरी रक्कम छापून येते ते पॅकेज ज्या भांडारातून फुकट आलंय, त्याच भांडाराला हे भाडं जातंय. गेल्या दिवाळीच्या आधी एका टॉवेलवाल्या काकांनी हे ऐकून घेतलं, बिल उलटं करून अक्षरी रक्कम वाचली आणि म्हणाले, मग दोन वर्षांचं एकदमच भर.